गेम रेकॉर्ड करायचाय? आधी लाईट किती वेळ असते ते सांग

गेल्या वर्षभरात एकच प्रश्न मला तीन घरांतून आला. लातूरच्या ताईचा मुलगा, नांदेडच्या काकांचा नातू आणि उदगीरच्या एका मित्राची मुलगी. तिघांचंही म्हणणं एकच, "गेम खेळतानाचा व्हिडिओ रेकॉर्ड करायचाय, कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" आणि तिघांच्याही पालकांचं म्हणणं एकच, "त्याला असले रिकामे धंदे कशाला शिकवतोस?" प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं समजावण्यापेक्षा म्हटलं ब्लॉगवरच लिहून टाकावं. नातेवाईक वाचतातच (प्रतिक्रिया मात्र इथे देत नाहीत, थेट कुणाच्या तरी लग्नात देतात). आणि ब्लॉगवाल्या दोस्तांपैकी ज्यांची पोरं आता या वयात आली आहेत, त्यांनाही काही सापडेल.

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर ओबीएस स्टुडिओ घ्या. मोबाईलवर खेळत असाल तर मोबाईलमधलाच रेकॉर्डर वापरा. आणि दुकानातून पेन ड्राइव्हवर आणलेलं "फुल व्हर्जन" कोणतंही घेऊ नका. आता हे का, ते सविस्तर. कारण "बेस्ट सॉफ्टवेअर कोणतं" याच्या याद्या भरपूर मिळतात, पण त्या लिहिणाऱ्याच्या घरी लाईट जात नसते. आपल्याकडे निवड ठरते ती लाईट, मशीन आणि घर या तीन गोष्टींवर.

पहिल्यांदा हे काम किती जड आहे ते समजून घेऊ. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे साधारण २० लाख ७३ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट्स. एका सेकंदात अशी ६० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट होतात, मिनिटाला २२ गिगाबाइट! साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट लिहिते. म्हणजे जसंच्या तसं रेकॉर्ड करणं डिस्कला झेपणारच नाही. म्हणून हे सगळं लिहिण्याआधी दाबून छोटं करावं लागतं, तेही गेम चालू असताना, तेही सेकंदाला ६० वेळा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे खरं तर हे दाबायचं काम कुणाच्या गळ्यात घालायचं ते ठरवणं.

जुन्या लोकांना (म्हणजे आपल्याला!) फ्रॅप्स आठवत असेल. ऑस्ट्रेलियातल्या बीपा नावाच्या कंपनीचं, १९९९ सालचं. त्याची पद्धत सरळ होती: फार दाबायचं नाही, डिस्कवर ओतत राहायचं. गेम फारसा अडखळायचा नाही, पण काही मिनिटांतच डिस्क भरायची. फुकट आवृत्तीत ३० सेकंदच मिळायचे आणि वर शिक्का. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ साली आली, पुढे काही नाही. आजही कुणी काका "फ्रॅप्स टाक रे" असा सल्ला देतात, त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं. हायपरकॅमचंही तसंच. त्या काळच्या कितीतरी व्हिडिओंच्या डाव्या कोपऱ्यात "अनरजिस्टर्ड हायपरकॅम २" अशी पाटी असायची. पैसे भरले नाहीत याची जाहीर कबुली!

त्याही आधीची एक युक्ती मला फार आवडते. कॅफेतल्या काउंटर स्ट्राइक १.६ मध्ये कन्सोल उघडून रेकॉर्डची आज्ञा दिली की "डेमो" नावाची फाईल बनायची. तिच्यात चित्र नसायचंच. कोण कुठे गेला, कुणी कधी गोळी झाडली, एवढीच नोंद. पुन्हा बघताना गेम त्या नोंदीवरून सगळा खेळ नव्याने उभा करायचा. त्यामुळे फाईल इतकी लहान की त्या काळच्या पेन ड्राइव्हवर ढिगाने मावत. १९९६ साली क्वेक गेमच्या अशाच डेमोवरून काही खेळाडूंनी एक छोटी गोष्टच तयार केली होती. गेममध्ये चित्रपट करण्याच्या प्रकाराची सुरुवात म्हणून ती सांगितली जाते. पण डेमोची एक अट असते, तोच गेम आणि त्याला चालेल अशी आवृत्ती हाताशी हवी. गेम गेला की डेमो मुका. व्हिडिओ जड असतो, पण तो कुणावर अवलंबून नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मशीन. दाबायचं काम दोघांपैकी एक जण करतो. एक तर मुख्य प्रोसेसर, जो आधीच गेम चालवून घामाघूम झालेला असतो. नाहीतर ग्राफिक्सच्या चिपमध्ये याच कामासाठी बसवलेला वेगळा भाग. इंटेलने तो २०११ पासून क्विक सिंक नावाने दिला, एनव्हिडियाने २०१२ पासून एनव्हेंक नावाने, एएमडीकडेही त्याच सुमारास आला. हा भाग असेल तर रेकॉर्डिंग चालू आहे हे गेमला फारसं कळतसुद्धा नाही. नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर टाका, गेम अडखळणारच. आणि दोष मात्र बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर येतो.

इथे आपल्याकडच्या असेंबल मशीनची गोम आहे. दुकानदार थोडे पैसे वाचवायला इंटेलचा असा प्रोसेसर सुचवतो ज्याच्या नावाच्या शेवटी "एफ" असतं, म्हणजे १२१००एफ, १२४००एफ वगैरे. या "एफ"चा अर्थ आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. मग पडदा दिसायला कार्ड लागतं म्हणून तो स्वस्तातलं जीटी १०३० बसवतो. त्या कार्डात एनव्हेंक नाही. झालं! दोन्हीकडून दार बंद. सगळा बोजा प्रोसेसरवर. लॅपटॉपमधल्या एमएक्स मालिकेच्या बऱ्याच चिप्सची हीच कथा, पण तिथे निदान इंटेलचं आतलं ग्राफिक्स असतं, त्याला कामाला लावता येतं. दुकानदार फसवतो असं नाही, त्याला तुम्ही "गेम चालला पाहिजे" एवढंच सांगितलेलं असतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते मशीन घेतानाच सांगा. सॉफ्टवेअरची निवड खरी तिथे होते.

हा वेगळा भाग वापरण्याचं आणखी एक कारण म्हणजे उन्हाळा. आपल्या पोरांना खेळायला मोकळीक मिळते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे असतो. पत्र्याच्या नाहीतर वरच्या मजल्याच्या खोलीत, पंखा गरम हवा फिरवतोय, अशात प्रोसेसरवर गेम आणि दाबणं दोन्ही टाकलं की लॅपटॉप तापतो आणि जीव वाचवायला स्वतःहून वेग कमी करतो. मग गेमही हळू आणि व्हिडिओही तुटक. गेमची गती सेकंदाला ६० वरून ३० चित्रांवर बांधून रेकॉर्डिंगही ३० वर घ्या. बघणाऱ्याला मोठा फरक पडत नाही, मशीनला पडतो.

आता लाईट. हे मी कोणत्याही यादीत वाचलेलं नाही, पण आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं आहे. बारा-बारा तासांच्या भारनियमनाचे दिवस गेले हे खरं, पण वळवाच्या पहिल्या वाऱ्यात लाईट जाते ती जातेच. आता बघा, एमपीफोर प्रकारची फाईल म्हणजे असं पुस्तक की ज्याची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग व्यवस्थित थांबवलं की ती लिहिली जाते. मध्येच लाईट गेली तर तासाभराचा मजकूर डिस्कवर पडलेला असतो, पण अनुक्रमणिका नाही म्हणून फाईल उघडतच नाही. एमकेव्ही प्रकारात ही भानगड नाही, लाईट गेली त्या क्षणापर्यंतचं बहुतेक सगळं शाबूत राहतं. ओबीएसमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन आउटपुटखाली रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. नंतर संपादनाच्या सॉफ्टवेअरला एमपीफोरच हवी असेल तर फाईल मेनूत "रीमक्स रेकॉर्डिंग्ज" आहे, ते पुन्हा दाबत बसत नाही, नुसतं खोकं बदलतं, म्हणून फार वेळ लागत नाही. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून ओबीएसमध्ये "हायब्रिड एमपीफोर" असाही प्रकार आला आहे, तोही अशा वेळी तग धरतो. इन्व्हर्टर असला तरी भरवसा ठेवू नका. तो चालू व्हायच्या त्या क्षणभरात डेस्कटॉप बंद पडू शकतो. मध्ये यूपीएस हवाच.

आता ओबीएसविषयी दोन शब्द. ह्यू बेली या माणसाने हे २०१२ साली सुरू केलं, नंतर सगळं नव्याने लिहून "स्टुडिओ" केलं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. शिक्का नाही, वेळेची मर्यादा नाही, "पैसे भरा म्हणजे उरलेलं बटण उघडेल" असा प्रकार नाही. पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं हे मान्य. सीन, सोर्स, मिक्सर, एवढं सगळं एकदम. काळी चौकट दिसते आणि पोरं म्हणतात हे चालतच नाही. (लॅपटॉपवर बहुतेक वेळा कारण असं असतं की गेम एका ग्राफिक्स चिपवर चालतो आणि ओबीएस दुसऱ्या. दोघांना विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये एकाच चिपवर आणा.) एक दुपार द्यावी लागते. मुक्त म्हणजे फुकट एवढाच अर्थ नाही. उद्या बेलीसाहेबांनी हे सोडून दिलं तरी दुसरा कुणीतरी ते पुढे चालवू शकतो. फ्रॅप्सचं असं झालं नाही, कारण त्याची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात होती.

मशीन फारच जुनं असेल तर? आताचं ओबीएस विंडोज ७ वर आणि ३२ बिटवर चालत नाही, २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून ते बंद झालं. आणि ज्याला दिवसातून एखादाच तुकडा जपायचाय त्याला एवढा पसाराही नको. विंडोज १० आणि ११ मध्ये गेम बार आहे, विंडोजचं बटण धरून जी दाबा. तो चालू गेमपुरतं रेकॉर्ड करतो, पुरेसा आहे. एनव्हिडियाचं चांगलं कार्ड असेल तर त्यांचं शॅडोप्ले २०१३ पासून आहे, तेही हलकं. बँडिकॅम वाईट नाही, पण फुकट आवृत्तीत १० मिनिटं आणि वर शिक्का, मग मोह होतो क्रॅकचा.

या क्रॅकबद्दल मात्र मी कडक आहे. "काय होतंय मामा, सगळेच टाकतात." होतं असं की क्रॅक चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे अनोळखी माणसाला घरात घ्यायचं आणि त्याच्यासाठी आधी कुत्रं बांधून ठेवायचं! ज्या मशीनवर तुझी आई बँकेचं खातं बघते, बाबा शेतीचे ऑनलाइन अर्ज भरतात, त्याच मशीनवर हे. पूर्वी पैसे नव्हते आणि पर्यायही नव्हता, तेव्हाचं सोडा. आज फुकट आणि चांगलं मिळत असताना चोरीचं घेणं याला सवय म्हणतात, गरज नाही.

तिसरी गोष्ट घर. आपल्याकडे पोरांना स्वतंत्र खोली नसते. कॉम्प्युटर असतो तो हॉलमध्ये नाहीतर देवघराच्या शेजारी. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका, बाहेर भाजीवाला, सगळं माइकमध्ये येतं. आणि फक्त आवाजच येतो असं नाही. ओबीएसमध्ये "डिस्प्ले कॅप्चर" निवडलं तर अख्खा पडदा रेकॉर्ड होतो. कोपऱ्यात आलेला निरोप, उघडी राहिलेली मेल, सगळं. मोबाईलवर तर ओटीपी, बँकेतून पैसे कापल्याचा मेसेज, आत्याचा "औषध घेतलं का"... म्हणून नियम असा, की कॉम्प्युटरवर "गेम कॅप्चर" निवडायचं, म्हणजे फक्त गेमचंच चित्र येतं. मोबाईलवर आधी "डू नॉट डिस्टर्ब" लावायचं, मगच रेकॉर्डिंग. पालकहो, सॉफ्टवेअर कोणतं हे नाही विचारलं तरी चालेल, हे दोन नियम मात्र विचारा.

आवाजासाठी ओबीएसची एक सोय फार मोलाची आहे. गेमचा आवाज एका ट्रॅकवर आणि माइकचा दुसऱ्या ट्रॅकवर, वेगवेगळे ठेवता येतात. मागे टीव्हीवर गाणं लागलं आणि त्यावर कुणी कॉपीराइटचा दावा केला तर तेवढाच ट्रॅक काढता येतो. लातूरच्या भाच्याने मला एक तुकडा पाठवला होता. ऐन लढाईत मागून त्याच्या आजीचा आवाज येतो, "जेवाय येऊलालास का नाही रे?" त्याला तो पुसून हवा होता, मित्र हसतील म्हणून. मी त्याला एवढंच सांगितलं की लोकांना दाखवायच्या फाईलमधून काढ, मूळ फाईल ठेव. त्यानंतर आजीला झटका आला. आता ती चार शब्दसुद्धा अडखळत बोलते. ती फाईल ताईने वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवली आहे. आमच्या घरात आजीच्या आवाजाची दुसरी नोंद नाही. लग्नाच्या सीडीत ती आहे, पण तिथे सनईच आहे सगळी.

मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात. अँड्रॉइड ११ (२०२०) पासून रेकॉर्डर आतच आहे, आयफोनमध्ये २०१७ पासून. वेगळं ॲप कशाला? फोन गरम होत असेल किंवा जागा नसेल तर "एससीआरसीपीवाय" या नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. केबलने फोन कॉम्प्युटरला जोडला की फोनचा पडदा तिथे दिसतो आणि रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या डिस्कवर होतं. अँड्रॉइड ११ च्या पुढे आवाजही येतो. नाव उच्चारता येत नाही, पण काम चोख.

आणि चढवताना हिशोब करा. सेकंदाला ६ मेगाबिट या दराने २० मिनिटांची फाईल ९०० मेगाबाइट होते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये एवढी चढवली की घरातल्या बाकीच्यांनी संध्याकाळी काय बघायचं? :) चढवायचे तुकडे पाच-सात मिनिटांचे असूद्यात. ओबीएसमध्ये "रीप्ले बफर" आहे, तो शेवटची तीस सेकंद नाहीतर मिनिटभर तात्पुरतं धरून ठेवतो, बटण दाबलं तरच डिस्कवर लिहितो. भारी खेळी झाली की दाबा. तासभराचं ओझं वाहायला नको.

आता पालकांचा प्रश्न. "यातून होणार काय?" पोरं लगेच सांगतात की २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान गेमर लोकांना भेटले, त्यात मुंबईचे मिथिलेश पाटणकर होते, नमन माथूर होते, इकडे नागपूरपासून जवळच्या छिंदवाड्याकडच्या पायल धारे होत्या. खरं आहे. पण तेव्हा सात जण होते, आणि देशात खेळणारी पोरं किती? यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला २०१८ पासून एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं अशी अट आहे. एका माणसाने चार मिनिटं बघितलं असं धरा, तर साठ हजार वेळा बघितलं गेलं पाहिजे. हे गणित पोरालाच करायला लावा. तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा ते जास्त काम करेल.

मग तरीही करू द्यावं का? माझं मत, हो. ज्या लातूरने गुणवत्ता यादीचा "पॅटर्न" देशाला दाखवला, जिथे आणि नांदेडलाही बाहेरगावची हजारो पोरं नीटच्या क्लाससाठी खोल्या करून राहतात, तिथे पोराच्या दिवसातली प्रत्येक घटका मार्कांत मोजायची सवय लागली आहे. ती सवय वाईटच असं मी म्हणत नाही, आपल्या भागात तिनेच कितीतरी घरं वर काढली. पण या उद्योगात पोरगं जे शिकतं ते मार्कात धरत नाहीत म्हणून फुकट जात नाही. किती दाबलं की चित्र फाटतं, आवाज कुठे कमी करायचा, वीस मिनिटांतली कोणती दोन ठेवायची, आणि अनोळखी माणसाला कळेल असं सलग बोलायचं कसं. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शिक्षकांना पडद्याचं रेकॉर्डिंग करून धडे पाठवायची वेळ आली, तेव्हा हेच शिकावं लागलं. ज्या ओबीएसवर आज गेम रेकॉर्ड होतो त्याच्यावर उद्या भौतिकशास्त्राचं गणित समजावता येतं.

एकच आग्रह, बोलताना आपल्या भाषेत बोला. आमची पोरं घरात "काय करूलालास" म्हणतात आणि माइक लागला की एकदम "तो गाइज" सुरू! हिंदीत बघणारे जास्त, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण हिंदीत त्यांच्यासारखे हजारो आहेत. देगलूर-धर्माबादकडच्या पोराची ती मराठी, जिच्यात तेलुगू आणि दखनी सहज येऊन बसते, ती दुसरं कोण बोलणार? व्हिडिओवर नाव मराठीत टाकायला विंडोजवरच्या ओबीएसमध्ये अडचण येत नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या मजकुराच्या सोयीत मात्र जोडाक्षरं फुटतात. तिथे नाव वेगळं चित्र म्हणून बनवून लावावं.

शेवटी, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानातून गायब झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, त्याची मॅक्स आवृत्ती तेवढी राहिली. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण आपल्या लहानपणी चौकातलं क्रिकेट बंद पडलं तरी चौक होता. या पोरांचं मैदान कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे, आणि ते एका दिवसात उचललं जाऊ शकतं. तिथे ज्याच्यासोबत खेळलो तो मित्र आता पुण्याला, भाऊ हैदराबादला. मागे उरते ती फक्त तुमच्या डिस्कवरची फाईल. म्हणून ती अशा सॉफ्टवेअरने बनवा जे शिक्का मारत नाही, लाईट गेली तरी फाईल वाचवतं आणि नंतर उघडायला कुणाची परवानगी मागत नाही. आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

ताई, हे वाचत असशील तर, दहावीचं वर्ष आहे, आठवड्याला एक दुपार बास. पण ती एक दुपार त्याला दे.